कबरी हलवा, पण आधी वह्या वाचा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा उरलेली नाही, म्हणून जुन्या बेवारस कबरी काढून ती जागा पुन्हा वापरावी, अशी मागणी होत असल्याचे आपल्या अंकात वाचले. रविवारच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात चहा पिता पिता याच विषयावर दोन तट पडले. एक म्हणतात, पूर्वजांना हात लावू नका. दुसरे म्हणतात, मग आम्हाला कुठे पुरता? मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी आई माझ्या आजीच्याच कबरीत आहे. सासू-सुनेचे जन्मभर पटले नाही, तरी अजून तक्रार आलेली नाही. तेव्हा जागा पुन्हा वापरण्याला माझी ना नाही. मात्र दगड काढण्याआधी त्यावरची अक्षरे कोण उतरवून घेणार आणि ज्या वहीत त्या कबरीचा नंबर आहे ती वही कुणाच्या कपाटात आहे, हे त्या चर्चेत कुणी विचारले नाही. बातमीतही ते नव्हते. म्हणून हे पत्र.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो. डाकगाडीच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्ते वाचायचे आणि पत्र त्या त्या खणात टाकायचे, एवढेच काम. त्यामुळे वाईट अक्षर वाचणे ही माझी पोटापाण्याची विद्या झाली. निवृत्तीनंतर ती कशी उपयोगी पडली ते सांगतो.

माझ्या आजोबांचे वडील नागपूरला 'मिलमध्ये' होते आणि 'तापाच्या सालात' गेले, एवढेच आमच्या घरात माहीत होते. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांच्या आईने मुलाला घेतले आणि ती अमरावतीला आपल्या बहिणीकडे गेली. मोठेपणी आजोबा कंपाउंडर होऊन नागपूरला परत आले, पण वडिलांचे घर कुठे होते हे त्यांना सांगता येत नसे. 'घरातून पाणी दिसत होते' असे ते म्हणत. नागपुरात पाणी दिसणारी घरे कमी का होती? अंबाझरी, तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव, जुम्मा तलाव, शिवाय नाग नदी. फोटो नाही, पत्र नाही, दगडही नाही. मिलच्या कामगाराच्या विधवेला दगड कुठून परवडणार?

मग मी दफनाची वही शोधायला निघालो. दफनभूमीचे आणि मंडळीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणाकडे बोट दाखवायचे नाही, आणि जे तिथे आहे ते इतर ठिकाणीही तसेच असणार. ख्रिस्ती वह्यांचा प्रवास सरळ नसतो, हे मात्र वाचकांना सांगायला हवे. स्कॉटिश मिशनच्या काळात सुरू झालेली वही १९२४ नंतर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाच्या ताब्यात गेली. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा चर्चसंघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा ती पुन्हा नव्या छपराखाली आली. प्रत्येक वेळी कपाट बदलले, किल्ली बदलली, आणि यादी करणारा माणूस बदलीवर गेला. आम्हाला ती वही सापडली गायनवृंदाच्या झग्यांखाली, फुटक्या बाजाच्या पेटीशेजारी. पाठच्या बाजूने वाळवी लागली होती. सुरुवातीची काही पाने तिने आधीच वाचून संपवली होती.

वहीचे रकाने असे: मृत्यूची तारीख, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, मृत्यूचे कारण, दफनाची तारीख, कबर नंबर, पाळकाची म्हणजे धर्मगुरूची सही. जन्मभर पत्ते वाचलेल्या माणसाला 'राहण्याचे ठिकाण' हा रकाना दिसला की काय होते, ते सांगता येत नाही. कबरीच्या दगडावर बायबलचे वचन असते, जन्म-मृत्यूच्या तारखा असतात, फार तर 'प्रभूमध्ये विसावले' असते. माणूस सकाळी उठून कुठे कामाला जात होता, हे दगड सांगत नाही. वही सांगते.

'तापाचे साल' म्हणजे १९१८, हे विदर्भात जुन्या माणसांना सांगावे लागत नसे. मानमोडी म्हणत तिला. पहिले महायुद्ध संपता संपता इन्फ्लुएंझाची जी साथ आली, तिने हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसे नेली, आणि आपला मध्य प्रांत-वऱ्हाड हा सर्वात जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपणारी ही गोष्ट वहीत पानेच्या पाने चालते. एरवी वर्षभराच्या नोंदी दोन-तीन पानांत बसतात, त्या एकट्या ऑक्टोबरला सहा पाने लागली आहेत. पहिल्या पानावर पाळकाचे अक्षर टपोरे, प्रत्येक ओळीवर शिरोरेघ. तिसऱ्या पानापासून शिरोरेघ सुटली. कारणाच्या रकान्यात वर एकदा 'ताप' लिहिले आहे आणि खाली पानभर नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा आहेत. चौथ्या पानाच्या मध्यावर अक्षरच बदलते. सही दुसऱ्याची येते. आधीच्या पाळकांचे नाव दोन ओळींनंतर सापडले, पण सहीच्या रकान्यात नव्हे, मृतांच्या रकान्यात.

आमचे पणजोबा पाचव्या पानावर आहेत. वय २८. धंदा: 'सुतार, ए. मिल'. राहण्याचे ठिकाण: 'जु. त. पाळ, द.' दफन त्याच दिवशी.

ते 'जु. त.' पाहून पाळकसाहेब म्हणाले, हे कुणाचे तरी आडनाव असेल. मी मनातल्या मनात हसलो. आमच्या खात्यात पिनकोड १९७२ साली आला. त्याआधीच्या पत्रांवर लोक असेच लिहीत, आणि आमचे जुने सॉर्टर ते झोपेतही वाचत. जुम्मा तलाव, पाळ, दक्षिण बाजू. म्हणजे आजच्या गांधीसागराच्या काठावर. आजोबांना आठवत असलेले पाणी ते हेच.

आता एका नोंदीवरून घर सापडत नाही, गल्ली सापडते. मग मी तेच केले जे आयुष्यभर केले: वहीतल्या सगळ्या नोंदी पत्त्यांप्रमाणे लावल्या. आधीची दहा वर्षे आणि नंतरची दहा वर्षे घेतली, 'जु. त. पाळ' लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, आणि पोस्टमनची बीट लावावी तशा एकापुढे एक ठेवल्या. कुठे 'विहिरीमागे' लिहिले होते, कुठे 'मारवाड्याचा वाडा', कुठे 'मिलच्या फाटकासमोर'. हळूहळू एक वस्ती उभी राहिली. त्यात एक दाई होती. घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी एक बायबलबाई होती. मिशन शाळेचा एक मास्तर, एक घोडागाडीवाला, आणि बाकी बहुतेक सगळे मिलचे: कुणी कांडीवाला, कुणी साच्यावरचा म्हणजे मागावरचा, कुणी बॉयलरवर कोळसा टाकणारा. चौदा वर्षांच्या एका मुलाच्या धंद्याच्या रकान्यातही 'मिल' लिहिले आहे. पणजोबांच्या आधी तीन दिवसांनी आणि नंतर दोन दिवसांनी त्याच 'मारवाड्याच्या वाड्या'तून दोन दफने झाली आहेत. तिन्ही नोंदींवर साक्षीदार म्हणून एकाच माणसाचे नाव आहे, आणि त्याचाही धंदा सुतार. एका वाड्यात भाड्याने राहणारे, एका खात्यात काम करणारे ते लोक होते, असा अर्थ मी लावतो.

वाडा नेमका कुठला, यासाठी मग नझूलचे, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीचे, जुने नकाशे आणि आखीव पत्रिका म्हणजे मालकीचे उतारे पाहावे लागले. भाडेकरूंची नावे तिथे नसतात, मालकाचे असते. पण विहीर नकाशात होती, आणि विहिरीच्या दक्षिणेला एक मोठा चौकोन होता. आज तिथे दुकानांची रांग आहे. एका दुकानात मोबाइलची कव्हरे मिळतात. मी एक घेतले. कारण काही न घेता नुसते भिंतीकडे बघत उभा राहिलो तर पोरगा संशयाने पाहायला लागला.

कामाचे म्हणाल तर, 'ए. मिल' म्हणजे एम्प्रेस मिल, यात शंका घेण्यासारखे काही नाही. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले, म्हणून हे नाव. मिलचे पहिले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे मुळात रेल्वेतले, कापडाचा अनुभव नसलेले, हे वाचून मला रेल्वेच्या डब्यात दिवस काढलेल्या माणसाला उगीच बरे वाटले. जुम्मा तलावाजवळची ती दलदलीची जमीन भरून काढायची तर पैसा मातीत जाणार, असे म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारले होते. पुढे मिलचा नफा पाहून तोच म्हणाला, की टाटांनी माती टाकून सोने काढले. ही गोष्ट बऱ्याच वाचकांना माहीत असेल. ज्यांच्या हाताने ते सोने निघाले त्यांची नावे कुठे आहेत, एवढेच विचारायचे.

पण लोखंडी यंत्रांच्या मिलमध्ये सुतार काय करत असेल, हे मला कळेना. आमच्या वस्तीत एम्प्रेसचे एक जुने कामगार आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना विचारले तर ते म्हणाले, "अजी, सुताराबिगर मिल चालते काय? धोटा कायचा राहे? लाकडाचा. धोट्याले मारते ते काठी कायची? लाकडाची. ते रोजच तुटे. साचा बंद पडला का जॉबर बोंबलत येई, सुतार बुलाव म्हणून. साचेवाल्याची तर मजुरी बुडत चालली न." मग त्यांनी धोट्याचे, म्हणजे मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्याचे, टोक कसे घासून गुळगुळीत ठेवावे लागते, खडबडीत राहिले तर ताणा कसा तुटतो, मापात चूक झाली तर धोटा साच्यातून उडून शेजारच्याच्या कपाळावर कसा बसतो, हे हाताने करून दाखवले. पणजोबांची पिढी सोडून द्या, पण त्या खात्यातले काम शेवटपर्यंत तेच होते, असे ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सुतारांचे हात कामगारांत ओळखू येत. साचेवाल्यांच्या हाताला कापसाचा फुफाटा असे, यांच्या हाताला तेल आणि भुसा.

ही मिल १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. तिने १९०१ साली, कायदा नसताना, कामगारांसाठी प्रॉव्हिडंट फंड सुरू केला होता. म्हणजे पणजोबांच्या नावाचे एखादे खाते कुठल्यातरी हिशेबवहीत असणारच. ती वही माझ्या हाती लागलेली नाही. म्हणजे पाहा, जिथे ते काम करत ती मिल नाही, जिथे राहत तो वाडा नाही, ज्या खात्यात त्यांचा पैसा होता ते खाते नाही. उरली ती दफनाची वही, आणि तिला वाळवी लागलेली.

कबरीचे काय झाले, तेही सांगतो. वहीतला नंबर घेऊन दफनभूमीत गेलो. तिथल्या राखणदाराने नंबर पाहिला आणि म्हणाला, "नंबर आहे न तुमच्याजवळ? मग काहून टेन्शन घेता, दाखवतो न." दोन ओळी मोजल्या, कडुनिंबापाशी वळला आणि एका संगमरवरी कबरीसमोर उभा राहिला. ती १९७४ सालची आहे, एका आजीबाईंची. म्हणजे आमची जागा पन्नास वर्षांपूर्वीच दुसऱ्याला गेली. मला वाईट वाटले नाही. त्या घरच्यांना मी काही बोललो नाही. सांगणार तरी काय, तुमच्या आजीच्या खाली आमचे सुतार आहेत म्हणून? पण यातूनच माझा मुद्दा स्पष्ट होतो. जमीन दुसऱ्याला देता आली, कारण ती कोणाची होती हे वहीत राहिले. उद्या वही गेली तर आजीबाईही जातील आणि सुतारही.

कामठीच्या छावणीत १८२१ पासून गोऱ्या पलटणी होत्या. मद्रासच्या फौजेचे ते ठाणे. तिथल्या कबरस्तानातल्या एखाद्या सार्जंटचा शोध आज त्याच्या पणतूला लंडनमध्ये बसून लागतो, कारण इंग्रजांनी दफनाच्या नोंदींच्या प्रती त्या त्या इलाख्यातून नियमाने विलायतेला पाठवल्या आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवल्या आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरींची काळजी वाहणारी एक संस्था तिथे १९७६ पासून काम करते. चांगली गोष्ट आहे. पण ज्या पाळकाने आमच्या सुताराला पुरले, त्याच्या वहीची दुसरी प्रत कुठेही नाही, असे आमच्या पाळकसाहेबांनी सांगितले.

आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांपुरते नाही. विदर्भात जातीची पडताळणी करायची झाली की लोक तहसीलमध्ये कोतवालबुकाची नक्कल काढायला धावतात. पणजोबाचा मृत्यू कोतवालाने कोणत्या साली लिहिला, बिमारी कोणती लिहिली, १९५० पूर्वीची नोंद आहे का, हे शोधायला दलालाला पैसे देतात. मृत्यूच्या नोंदीला किंमत आहे, हे सरकारला आणि आपल्यालाही चांगलेच कळते. दाखला हवा असेल तेव्हा. शहरातल्या घाटांवरच्या जुन्या वह्या, मुसलमान कबरस्तानांच्या वह्या, लिंगायतांच्या दफनभूमीच्या नोंदी, यांचीही गत आमच्यापेक्षा बरी असेल असे मला वाटत नाही.

या शहराला तर कबरी वाचायची परंपरा आहे. काटोल रोडवर जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत, मोठमोठ्या दगडांची वर्तुळे, मधोमध पुरलेली माणसे. त्यांच्यासोबत ठेवलेल्या लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्याच्या तोंडातले लगाम पाहून अभ्यासक सांगतात की हे लोक घोडे पाळत, लोखंडाचे काम जाणत. ज्यांच्या नावाचे कॉलेज आपण सगळे ओळखतो ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा धंदा त्याच्या कबरीतून काढण्यासाठी आपण खोदकाम करतो, आणि १९१८ सालच्या माणसाचा धंदा शाईने लिहिलेला असताना तो वाळवीला देतो.

माझी सूचना खर्चाची नाही. कुठलीही कबर हलवण्याआधी दगडाचा, नंबर दिसेल असा, फोटो काढावा. मंडळीतल्या तरुण मुलांना मोबाइल दिवसभर हातात असतोच, एक शनिवार पुरेल. वहीची पाने, शिवण न उसवता, स्कॅन करावीत. एक प्रत मंडळीकडे राहावी, एक नागपूरच्या शासकीय अभिलेखागारात द्यावी, म्हणजे पुढचे कपाट बदलले तरी चालेल. विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या मुलांना दरवर्षी प्रकल्पाला विषय लागतातच.

काही ज्येष्ठांचा याला विरोध आहे, आणि तो मला समजतो. वहीत काय काय लिहिलेले असते! कुणाच्या मृत्यूचे कारण लपवलेले असते, कुणाचे घराणे कुठून आले ते घरच्यांना सांगायचे नसते. म्हणून १९५० नंतरच्या नोंदी फक्त त्या त्या घरच्यांनाच दाखवाव्यात. त्याआधीच्या खुल्या कराव्यात. आमच्याच नोंदीत बापाच्या नावाच्या रकान्यात 'माहीत नाही, सन ९७ चा दुष्काळ' असे आहे. म्हणजे १८९७ च्या दुष्काळात मिशनने उचललेल्या पोरांपैकी ते एक होते. सहा-सात वर्षांचे असतील. सुतारकीही तिथेच शिकले असणार, अनाथाश्रमात हात कामाला लावत. आमच्या घरातल्या एका काकूंना हे छापून आलेले आवडणार नाही. माझ्या मते यात लपवण्यासारखे काही नाही.

ज्या मंडळींकडे, घाटांवर किंवा कबरस्तानांत अशा जुन्या वह्या असतील आणि अक्षर लागत नसेल, त्यांनी मला बोलवावे. मोडी मला येत नाही. बाळबोध कितीही वाईट असली तरी लागते, आणि जुन्या नागपूरचे पत्ते तोंडपाठ आहेत. पाने फाटकी असतील तर ती चिकटपट्टीने चिकटवू नका, तशीच ठेवा. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर आलेले बरे.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, आर. एम. एस.
मेकोसाबाग, नागपूर